थोडं म्हणजे किती

काळा टाय घ्यायचा म्हणून मी गावात उतरलो होतो. टाय घरात होता, नाही असं नाही, पण तो बॅरीच्या अंत्यविधीला लावला होता आणि नंतर ग्लेंडाकडच्या जेवणात त्यावर रस्सा सांडला, तो डाग काही केल्या गेला नाही. दुकानातल्या रांगेत माझ्यापुढे दोघं, मागे एक बाई. काउंटरवरची पोरगी विशीतली, नाकात चमकी, नखं निळी. माझी पाळी आली तेव्हा वर न बघताच तिनं विचारलं, "बरं आहे ना, राजा?" शेफिल्डात हा प्रश्न नसतोच मुळी. इथं शेंबडी पोरगीसुद्धा चौसष्ट वर्षांच्या थेरड्याला राजा म्हणते, थेरडा 'वाईट नाही' म्हणतो, आणि दोघं आपापल्या कामाला लागतात. मीही तोंड उघडलं ते 'वाईट नाही' म्हणायलाच. "नाही," मी म्हणालो.

पोरीचा हात टायवर तसाच राहिला. मागची बाई घाईघाईनं पर्समध्ये काहीतरी शोधायला लागली. "नाही म्हणजे?" पोरीनं विचारलं. "नाही म्हणजे नाही. माझा भाऊ मेला, गेल्या मे महिन्यात. उद्या कोरोनरपुढे त्याच्या मरणाची चौकशी आहे आणि तिथं माझा फोनवरचा आवाज सगळ्यांना ऐकवणार आहेत." एवढं मी उभ्या जन्मात कुणा परक्याला सांगितलं नव्हतं, आणि घरच्यांना तर नाहीच नाही. तिनं टायकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. "अगंबाई," ती म्हणाली, आणि मग, बिचारीला दुसरं काय सुचणार, "पिशवी देऊ का?"

बाहेर आलो. बस सोडून दिली आणि चढ चढायला लागलो. या गावात कुठंही जायचं म्हणजे चढच. पाय वॉकलीकडे वळले, ग्लेंडाच्या घराकडे, आणि मी त्यांना वळू दिलं. बॅरी माझा थोरला भाऊ, ग्लेंडा त्याची बायको. तो गेल्यापासून दर रविवारी मी तिच्याकडे जेवायला जातो, आणि दर रविवारी, बटाटे वाढता वाढता, ती एकच प्रश्न विचारते. "मॅल्क, तू फोनवर नक्की काय बोललास रे?" आणि दर रविवारी मी सांगतो की पाय मोडलाय म्हणून सांगितलं, लवकर या म्हणून सांगितलं. मग ती मान हलवते आणि रश्श्याचं भांडं माझ्याकडे सरकवते. उद्या सकाळी दहाला भर कोर्टात तिला कळणार की मी अकरा महिने तिच्या ताटात जेवून तिच्या तोंडावर खोटं बोलत आलो. तिथं कळण्याआधी माझ्या तोंडून कळायला हवं होतं. म्हणजे आजच. आठवडाभर हे मला ठाऊक होतं आणि आठवडाभर मी टायच्या डागाची काळजी करत बसलो होतो.

आमच्या घरात दुखण्याला नाव नव्हतं. बाप पोलादाच्या भट्टीवर होता. एकदा ठिणग्यांनी त्याचा खांदा भाजला. घरी येऊन पाठमोरा बसला आणि आईला म्हणाला, "आज जरा ऊब होती." आईनं शर्ट काढला तर शर्टाबरोबर कातडी आली. आम्ही दोघं भाऊ जिन्यावर बसून बघत होतो आणि आमची छाती फुगली होती, खरं सांगतो. बॅरी नऊ वर्षांचा असताना भिंतीवरून पडला, मनगट मोडलं, तर त्यानं डाव्या हातानं अख्खं जेवण संपवलं, खीरसुद्धा, आणि मग म्हणाला हात थोडा अवघडलाय. मी मात्र सहाव्या वर्षी कुत्रं चावलं म्हणून रडलो. अख्ख्या गल्लीदेखत रडलो. त्या दिवसापासून मी मऊ मॅल्क. शाळेत मऊ मॅल्क, कारखान्यात कात्र्यांना धार लावायला लागलो तिथंही, कारण बॅरीनं पहिल्याच आठवड्यात येऊन तिथल्या लोकांना सांगून ठेवलं. माझ्या लग्नाच्या भाषणात सांगितलं, माझ्या घटस्फोटानंतर पबमध्ये सांगितलं. "आमचा मॅल्क ना, लोण्यासारखा आहे, उन्हात ठेवू नका." लोक हसायचे. मीही हसायचो. 'आमचा' म्हणायचा, हेही तितकंच खरं.

दर वर्षी मे अखेरच्या सुट्टीत आम्ही दोघं वर लेक डिस्ट्रिक्टच्या डोंगरांत जायचो आणि स्केलगार्थची घळ चढायचो. वाट अशी नाहीच. ओढ्यातूनच वर जायचं, धोंड्यांवरून, कपारींतून, हातापायांवर, धबधबा आला की त्याच्या कडेनं कातळाला चिकटून. चांगल्या हवेत पोरखेळ आहे. त्या सकाळी रेडिओनं सांगितलं, ऊन आणि अधूनमधून एखादी सर. गाडीतून उतरलो तेव्हा ऊन होतंही. पण वारा उत्तरेचा होता आणि घळीच्या डोक्यावर ढग बसला होता, शिशाच्या रंगाचा. मी म्हटलं, "ते काही बरं दिसत नाही." बॅरी बुटाच्या नाड्या बांधत होता. "आलं का मऊपण वर? अजून बूट भिजला नाही तुझा." मग त्यानं ग्लेंडानं दिलेली सँडविचं दोन्ही पिशव्यांत वाटून टाकली, मोठी आपल्याकडे ठेवली, आणि पुढं झाला. अडुसष्टाव्या वर्षीही तो पुढं आणि मी मागं. त्याच्या पाठीचा मला त्या दिवशी संताप येत होता. मागं वळून न बघणारी पाठ होती ती.

अर्ध्या तासात हवेनं तोंड फिरवलं. आधी पाऊस, मग पावसात गारा, मग नुसत्याच गारा, आडव्या, कानाच्या पाळीवर सपासप. मे महिना म्हणे. ओढ्याचं पाणी चहाच्या रंगाचं झालं आणि त्याचा आवाज बदलला. आधी तो खळखळत होता, आता आतून घुमायला लागला, आणि मधूनच पाण्याखाली धोंडा धोंड्यावर आपटल्याचा ठक् असा आवाज यायचा. तो आवाज मला अजून येतो, आंघोळीचं पाणी सोडलं की येतो. कातळावरचं शेवाळं साबणासारखं झालं होतं. बोटं पकडीत आहेत की नाहीत ते बघून ठरवावं लागत होतं, कारण बोटांना काही कळतच नव्हतं. त्या घळीत मध्यावर एक वाकडं झाड आहे. तिथून डावीकडे गवताच्या उतारावरून बाहेर पडता येतं, त्यापुढं थेट वरच. आम्ही झाडापाशी थांबलो. बॅरीचे ओठ निळे पडले होते. तो माझ्याकडे बघत होता, आणि नेहमीपेक्षा जरा जास्त वेळ बघत होता. "बरा आहेस ना?" त्यानं विचारलं. मला ओरडून सांगायचं होतं की नाही, मी बरा नाही, मला भीती वाटतेय, आपण दोघं म्हातारे आहोत, चल गाडीत बसू आणि हीटर लावू. "बरा आहे," मी म्हणालो. "तू?" "वाईट नाही." आणि आम्ही वर निघालो. त्यालाही परत फिरायचं होतं. हे मी आता छातीवर हात ठेवून सांगतो. त्यानं विचारलं होतं ते मी नाही म्हणावं म्हणून. साठ वर्षं मला मऊ म्हणत आला, आणि ज्या दिवशी त्याला माझ्या मऊपणाची गरज पडली त्याच दिवशी मी कडक झालो.

तिसऱ्या धबधब्याच्या कडेनं तो चढत होता. हातातला धोंडा सुटला, धोंड्याबरोबर तो. फार उंची नव्हती, दोन माणसांएवढी असेल. धोंडा त्याच्या मांडीवर पडला आणि तिथून पाण्यात गेला. मी पोचलो तेव्हा तो कातळाला टेकून बसला होता आणि त्याचा पाय जिथं सांधा नसतो तिथं वाकला होता. पँट काळी झाली होती, आणि ते पाणी नव्हतं. "जरा लागलंय," बॅरी म्हणाला. मी मफलर बांधला, आवळला. त्याला माणूस मावेल अशा नारिंगी प्लॅस्टिकच्या पिशवीत शिरवलं, खांद्यापर्यंत ओढली, माझा कोट वरून टाकला. शिट्टी काढून फुंकायला लागलो. मदतीची खूण म्हणून सहा वेळा फुंकायची, मग थांबायचं. त्या पाण्याच्या गर्जनेत ती मलाच ऐकू येईना. घळीत फोन लागत नाही, वर माळावर जावं लागतं. "जा," तो म्हणाला, "आणि हे बघ, उगाच बोभाटा करू नकोस. सुट्टीच्या दिवशी ते बचाववाले फुकट येतात बिचारे. फोनवर रडलास तर बघ, मी त्यांना विचारीन." ग्लेंडाचं सँडविच त्याच्या हातात दिलं तर म्हणाला, "चीज आहे की मांस?" मांस, मी म्हणालो. "मग ठीक."

वर चढायला मला पाऊण तास लागला. गवत धरून, गुडघ्यांवर, तोंडात माती. वाटभर मी वाक्य तयार करत होतो, आणि वाक्य बरोबर होतं, हे कुणीतरी माझ्याकडून लिहून घ्या. माझं वाक्य बरोबर होतं. मग फोनवर एक रेघ उजळली आणि एका बाईचा आवाज आला, शांत, स्वच्छ, कुठल्यातरी गरम खोलीतला. काय झालंय? आणि माझ्या कानात बॅरी म्हणाला, मी त्यांना विचारीन. "थोडी गडबड झालीय," मी म्हणालो. "माझा भाऊ घसरला. पाय जरा दुखावलाय." शुद्धीवर आहे का? "हो हो, आहे की. सँडविच खातोय." रक्त जातंय? "थोडं." थोडं म्हणजे किती? असं तिनं विचारलं, बरोबर तेच विचारलं त्या बाईनं, तिच्याकडे बोट दाखवायला जागा नाही. "थोडंच," मी म्हणालो. "तशी घाई नाही. सवडीनं या." सवडीनं या! त्याच वेळी पलीकडच्या कड्यावर चार कॉलेजची पोरं अडकली होती, भिजलेली, भेदरलेली, एकीचा घोटा मुरगळलेला, आणि ती फोनवर बोंबलत होती की आम्ही मरतोय, आम्ही मरतोय. त्या वादळात सोडवायला माणसं तेवढीच. ती कुणाकडे आधी जातील? बोंबलणाऱ्याकडेच जाणार. मी तिथं असतो तर मीही त्या पोरांकडेच गेलो असतो.

मी परत खाली उतरलो तेव्हा एक वाजून गेला होता. त्याला मिठीत धरून बसलो, पिशवीसकट. अशी मिठी आम्ही कधी मारली नव्हती, आईच्या अंत्यविधीलासुद्धा हातात हात देऊन भागवलं होतं. त्याचे दात वाजत होते. "काय सांगितलंस?" त्यानं विचारलं. "सांगितलं, घाई नाही, सवडीनं या." त्यानं डोळे उघडून माझ्याकडे बघितलं. "शाब्बास, मॅल्क," तो म्हणाला. माझ्या उभ्या जन्मात पहिल्यांदा. आणि मी, त्या गारांत, त्याचं रक्त माझ्या मांडीवर गरम लागत असताना, खूश झालो. ही गोष्ट त्या आवाजाच्या फितीवर नाही, कोरोनरला ठाऊक नाही, ठाऊक आहे ती फक्त मला. मी खूश झालो होतो. सुमारे दोनला तो म्हणाला, "गारठलोय थोडा." तीनला त्याचे दात वाजायचे थांबले आणि मला वाटलं, बरं झालं, ऊब आली वाटतं. चारच्या आसपास तो गेला असं पुढं डॉक्टरनं सांगितलं. मला कळलं नाही. मी त्याच्याशी बोलत होतो. पाचला दहा कमी असताना ती माणसं आली, ओढा उसळत असताना दोर लावून उतरली. त्यातल्या एकानं पिशवी उघडून बघितली आणि मग माझ्याकडे बघितलं. "हे तुम्ही फोनवर का नाही सांगितलं?" त्यानं विचारलं. तो रागावला नव्हता. त्याला खरंच समजत नव्हतं. सँडविच बॅरीच्या हातात होतं, एकच घास घेतलेलं.

ग्लेंडानं दार उघडलं ते एप्रनला हात पुसत. "आज रविवार आहे होय?" "बुधवार," मी म्हणालो. "ठाऊक आहे मला बुधवार आहे ते." तिनं माझ्या हातातल्या पिशवीकडे बघितलं, मी पिशवी घेतली होती म्हणजे, आणि बाजूला झाली. आत आलो. पॅसेजमधल्या छोट्या टेबलावर त्यांचा जुना फोन, शेजारी बॅरीची टोपी, अकरा महिने तिथंच. मी बसलो नाही. म्हटलं, "ग्लेंडा, मी फोनवर काय बोललो ते सांगायला आलोय." मी सांगितलं. थोडी गडबड सांगितली, जरा दुखावलाय सांगितलं, सँडविच, घाई नाही, सवडीनं या, सगळं, जमिनीकडे बघत. वर बघितलं तर ती मला न्याहाळत होती, बाजारात मासळी बघतात तशी, ताजी आहे की नाही.

"झालं?" ती म्हणाली. तिनं टेबलाचा खण ओढला आणि चार घड्या पडलेला कागद माझ्यापुढं टाकला. त्यावर माझं बोलणं छापलेलं होतं, ओळीखाली ओळ. "फेब्रुवारीतच पाठवलाय त्यांनी. बायको ना मी, मला आधी." मी म्हटलं, "फेब्रुवारी?" "नऊ रविवार, मॅल्क. नऊ रविवार तुला खाऊ घातलं. एक दिवस तरी तोंड उघडशील म्हणून. बटाटे सोलताना म्हणायची, आज सांगेल. आणि तू म्हणायचास, लवकर या म्हणून सांगितलं, अजून थोडा रस्सा वाढ. निर्लज्ज माणसा, तुझ्या घशाखाली उतरायचं तरी कसं?"

"आणखी एक आहे," मी म्हणालो. ते सांगायचं ठरवलं नव्हतं, पण त्या दुकानातल्या 'नाही'नं सगळी बुचं उडवली होती. "मी त्याला सांगितलं, घाई नाही म्हणालो म्हणून. तर तो शाब्बास म्हणाला. आणि मला बरं वाटलं, ग्लेंडा. फार बरं वाटलं." ती हळूच जिन्याच्या पायरीवर बसली. "शाब्बास म्हणाला," ती म्हणाली. "माझं नाव नाही काढलं?" मी खोटं बोलू शकलो असतो, आणि ते खोटं पुण्याचं ठरलं असतं. "सँडविच कशाचं आहे ते विचारलं," मी म्हणालो. ती हसली, फार वाईट हसली, आणि टोपी उचलून तिनं भिंतीवर फेकली. टोपीचा काय आवाज होणार.

मग ती उठली. फोनचा रिसीव्हर उचलून तिनं माझ्या हातात कोंबला आणि नंबर न फिरवताच समोर उभी राहिली, कमरेवर हात ठेवून. "बोल."

"काय?"

"बोल म्हणते ना. मी ती बाई आहे. काय झालंय?"

"ग्लेंडा, असं काय करतेस—"

"काय झालंय?" ती किंचाळली. शेजारच्यांचा टीव्ही बंद झाला.

"माझा भाऊ घसरलाय," मी म्हणालो. "पाय मोडलाय, जरा वाईट—"

"जरा म्हणजे किती?"

"रक्त जातंय. थोडं—"

"थोडं म्हणजे किती, मॅल्कम?"

रिसीव्हरमधून एकसारखा घूं आवाज येत होता. मला वाटलं पाणी आहे. ते वाक्य मी माळावर जाताना तयार केलं होतं, मातीनं भरलेल्या तोंडानं घोकलं होतं, आणि ते अजून तसंच होतं, न वापरलेलं. "माझा भाऊ मरतोय," मी म्हणालो. "लवकर या." आणि मी रडलो. सहाव्या वर्षानंतर पहिल्यांदा, गल्लीभर ऐकू जाईल असा.

ग्लेंडानं मला जवळ घेतलं नाही. ती उभी होती आणि ओठ हलवत बोटांवर काहीतरी मोजत होती. अंगठ्यापासून करंगळीपर्यंत गेली, परत एकदा मोजलं, आणि तो उघडा पंजा तिनं माझ्या तोंडापुढं धरला.

"पाच शब्द," ती म्हणाली. "दोघा भावांना मिळून पाच शब्द जमले नाहीत."